दगडाखालचा कोळी: नाव कुठपर्यंत सांगता येतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दगड उलटल्यावर करडा-तपकिरी, अंगाने चपटा आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पसार होणारा एक कोळी दिसला. मागच्या टोकाला दोन नळ्या बाहेर आलेल्या होत्या. वरून एक बऱ्यापैकी स्पष्ट फोटो मिळाला. मोबाइलच्या ॲपने आधी झेलोटीस सांगितलं, मग ड्रॅसोडीस (ही दोन्ही जमिनीवरच्या कोळ्यांच्या गटांची नावं), आणि तिसऱ्यांदा चक्क लांडगा कोळी (वुल्फ स्पायडर). यातलं खरं कोणतं? अशा जमिनीवरच्या कोळ्यांची जातीपर्यंत ओळख आणि वर्गीकरण शिकायचं तर सुरुवात कुठून करायची? आणि हा कोळी चावला तर धोका आहे का?

फोटोतला कोळी लांडगा कोळी नाही, एवढं खात्रीने सांगतो. तो ग्नाफोसिडी कुळातला आहे. जीनसच्या बाबतीत ड्रॅसोडीसकडे झुकणारा अंदाज करता येतो, पण तो अंदाजच. जात मात्र या फोटोवरून कोणालाच सांगता येणार नाही. कॅमेरा महाग असता तरीही नाही, कारण जात ठरवणारे अवयव वरून दिसतच नाहीत. निराश होऊ नका. या कुळाचा अभ्यास करणाऱ्याला पहिल्याच दिवशी हे कळलं तर पुढची बरीच वर्षं वाचतात.

शब्दांचा एक घोळ आधीच मिटवतो. मराठीत ‘प्रजाती’ हा शब्द काही जण स्पीशीजसाठी वापरतात, तर जुन्या पाठ्यपुस्तकांत तोच शब्द जीनससाठी येतो. म्हणून मी खाली ‘जीनस’ (जवळच्या जातींचा गट) आणि ‘जाती’ (स्पीशीज) असेच शब्द वापरतो, म्हणजे गोंधळ व्हायला नको. अनेक जीनस मिळून एक कूळ होतं.

आता कूळ कसं ओळखलं ते सांगतो. तुम्ही स्वतः लिहिलेल्या दोन नळ्या हाच सगळ्यात मोठा पुरावा आहे. त्या नळ्या म्हणजे पुढची स्पिनरेटची जोडी. कोळ्याच्या पोटाच्या टोकाला रेशीम बाहेर सोडणाऱ्या स्पिनरेटच्या साधारण तीन जोड्या असतात. बहुतेक कुळांत पुढची जोडी आखूड, शंकूसारखी आणि एकमेकींना चिकटलेली असते. ग्नाफोसिडीत ती लांबट, नळकांडीसारखी असते आणि दोन नळ्यांमध्ये निदान एका नळीच्या जाडीइतकी मोकळी जागा असते. वरून पाहिलं तरी ती पोटाच्या खालून डोकावते. क्लुबिओनिडी कुळातले कोळी रंगाने, आकाराने, चालीने इतके सारखे असतात की भलेभले फसतात, पण त्यांच्या पुढच्या स्पिनरेट शंकूच्या आकाराच्या आणि जवळजवळ टेकलेल्या असतात. शंका आली की मी सगळं सोडून आधी कोळ्याचं हे मागचं टोक पाहतो.

या नळ्या अशा का झाल्या, हे कळलं की खूण कायमची लक्षात राहते. इतर कोळ्यांत पिरिफॉर्म नावाच्या ग्रंथी एक प्रकारचा डिंक तयार करतात. चालताना मागे सोडलेला धागा जमिनीला किंवा पानाला चिकटवायचा, एवढंच त्या डिंकाचं काम. ग्नाफोसिडीत या ग्रंथी आणि त्यांची तोंडं फार मोठी झाली आहेत. त्यांतून चिकट पट्ट्या बाहेर येतात आणि कोळी त्या थेट शिकारीवर वापरतो. सावज समोर आलं की तो त्याच्याभोवती झपाट्याने गिरकी घेतो, मागचं टोक उचलून चिकटपट्टी त्याच्या पायांवर आणि जमिनीवर ओढत नेतो आणि सावज जागीच खिळतं. त्यामुळे स्वतःच्या आकाराचा, स्वतःसारखेच विषारी दात असलेला दुसरा कोळीही त्याला मारता येतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या बदलाची किंमतही दिसून आली. शिकारीला उपयोगी पडणाऱ्या या ग्रंथी धागा पृष्ठभागावर घट्ट चिकटवण्याच्या मूळ कामात कमी पडतात. जाळं न विणता जमिनीवर धावून शिकार करणाऱ्याला हा सौदा परवडतो. म्हणजे ज्या नळ्या पाहून आपण कूळ ओळखतो, त्या त्याच्या जगण्याचं मुख्य हत्यार आहेत.

दुसरी खूण डोळ्यांत आहे. आठ डोळे, चार-चारच्या दोन रांगांत. मागच्या रांगेतले मधले दोन डोळे नीट पाहा. बाकीचे डोळे गोल आणि फुगीर असतात, हे दोन मात्र चपटे, तिरके, कधी लंबगोल तर कधी त्रिकोणी वाटणारे असतात, आणि आतून चांदीसारखी चकाकी देतात. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं की नमुन्याचा डोळा दबला आहे. दबलेला नसतो, तो तसाच असतो. १९९९ मध्ये ड्रॅसोडीस क्युप्रिअस या जातीवर झालेल्या अभ्यासातून कळलं की हे दोन डोळे चित्र पाहण्यासाठी नाहीतच. त्यांत प्रतिमा तयार होत नाही. आतला चकाकणारा थर ध्रुवीकृत प्रकाश, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश, गाळून घेतो आणि दोन डोळे एकमेकांना काटकोनात असलेल्या दिशांचा प्रकाश टिपतात. सूर्य मावळल्यावर आभाळात उरलेल्या उजेडाच्या ध्रुवीकरणावरून कोळ्याला दिशा कळते. अंधार पडताना घरट्याबाहेर पडणाऱ्या प्राण्याच्या डोक्यावरच होकायंत्र बसवलेलं आहे म्हणा ना.

लांडगा कोळी इथेच बाजूला होतो. त्याचे डोळे चार, दोन, दोन अशा तीन रांगांत असतात आणि मधले दोन मोठे डोळे समोर रोखलेले असतात. शिवाय त्याच्या पायाच्या टोकाला तीन नख्या असतात, ग्नाफोसिडीत दोनच. ज्या मोठ्या गटात हे कूळ येतं त्याला डायोनिका म्हणतात, म्हणजे दोन नख्यांचे. तुमच्या फोटोत नख्या दिसत नाहीत, पण डोळ्यांची मांडणी वाढवून पाहिली तर दिसते, आणि ती लांडग्याची नाही.

तिसरी खूण तोंडाच्या खालच्या बाजूला आहे. मॅक्सिला म्हणजे तोंडाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर तिरकी खोलगट चीर असते, बोटाने ओल्या मातीत दाबल्यासारखी. त्यासाठी कोळी उलटा करावा लागतो.

या तीन खुणा एकत्र दिसल्या की कुळाबद्दल शंका फारशी उरत नाही. अपवाद आहेत. मायकेरिया या जीनसचे कोळी दिवसा मुंग्यांच्या आसपास मुंग्यांसारखेच लगबगीने धावतात, त्यांच्या अंगावर रंग पालटणारे चमकदार खवले असतात आणि त्यांच्या स्पिनरेटमध्ये व डोळ्यांत या खुणा तितक्या ठसठशीतपणे दिसत नाहीत. नवशिक्याने मायकेरिया सुरुवातीला बाजूला ठेवावा, डोळा तयार झाल्यावर परत हाती घ्यावा.

कुळाकडून जीनसकडे येताना रंगावर भिस्त ठेवू नका. करडा, तपकिरी, काळा, एवढ्या तीन रंगांत या कुळाचा मोठा भाग संपतो. सर्जिओलस किंवा सिझोनियासारखे काही जीनस नक्षीदार असतात, पण ते थोडे. बाकीच्यांसाठी अवयवच पाहावे लागतात, आणि तीन जागा मला रोज उपयोगी पडतात.

पहिली जागा जबड्याची मागची कड. ग्नाफोसा या जीनसमध्ये तिथे सुट्या दातांऐवजी एक रुंद पाते असते आणि त्याची धार करवतीसारखी असते. एकदा दिसली की चुकत नाही. कॅलिलेपिसमध्येही त्या जागी साधे दात नसून पातळ पापुद्र्यासारखा भाग असतो. ट्रॅकीझेलोटीसमध्ये जबड्याच्या पुढच्या भागावर ताठ, राठ केसांचा झुबका असतो.

दुसरी जागा मागच्या दोन जोड्यांच्या पायांचा मेटाटार्सस, म्हणजे शेवटून दुसरा भाग. झेलोटीस आणि त्याच्या जवळच्या जीनसमध्ये त्याच्या टोकाला खालच्या बाजूने ताठ केसांची एक आडवी ओळ असते, अगदी बारीक फणीसारखी. कोळी तिने अंग विंचरतो. ही फणी दिसली तर समजा की झेलोटीसच्या गोतावळ्यात आलात. पण मूठभर केसांची विरळ कुंचली आणि एका ओळीतली खरी फणी यांतला फरक पाहायला प्रकाश बाजूने टाकावा लागतो. वरून टाकलेल्या प्रकाशात दोन्ही सारखेच दिसतात.

तिसरी जागा ट्रोकँटर, म्हणजे पायाचा बुडाकडून दुसरा, अंगठीसारखा छोटा सांधा. ड्रॅसोडीसमध्ये त्याच्या खालच्या कडेला खोल खाच असते. हॅप्लोड्रॅसस दिसायला त्याचा सख्खा भाऊ वाटतो, पण त्यात ही खाच नसते किंवा नावापुरती असते. तुमचा फोटो वरून घेतलेला आहे आणि ट्रोकँटर खालून पाहायचा असतो. म्हणूनच मी ‘झुकणारा अंदाज’ असं म्हटलं.

ॲपची गंमत इथेच आहे. ते फोटोंवर शिकलेलं असतं आणि फोटोत खाच, फणी, करवत यांपैकी काहीच नसतं. काळा चकचकीत कोळी दिसला की ते झेलोटीस म्हणतं, कारण त्या नावाने चढवलेले फोटो काळे चकचकीत असतात. त्या फोटोंपैकी किती जणांचा पाय कोणी उलटून पाहिला होता, हे ॲपला माहीत नसतं. कूळ शोधायला ॲप बरं, पण पुढच्या पायरीवर त्याचं म्हणणं पुरावा म्हणून धरू नका.

आता जात. इथे मात्र मी हात आखडता घेणार नाही, कारण खरं काम इथेच आहे.

या कुळात सध्या २,४०० हून अधिक जातींची नोंद आहे. एकट्या झेलोटीसमध्येच सुमारे ४०० जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक काळ्या, चकचकीत, साधारण सारख्याच मापाच्या. त्यांना वेगळं करतात ते जननेंद्रियांचे कठीण भाग. नराच्या तोंडाजवळच्या पाल्पचं, म्हणजे छोट्या पायासारख्या अवयवाचं, टोक फुगीर असतं आणि त्यात वीर्य पोचवणारी यंत्रणा असते. मादीच्या पोटाखाली, पुढच्या भागात, एपिगाइन नावाची कडक तबकडी असते. प्रत्येक जातीत यांचा आकार ठरलेला असतो आणि तो पूर्ण वाढ झालेल्या प्राण्यातच दिसतो.

म्हणून पिल्लांना जातीचं नाव देऊ नका. जवळजवळ वाढलेल्या नराचे पाल्प मुष्टियुद्धाच्या हातमोज्यासारखे फुगलेले दिसतात आणि मोह होतो, पण आत रचना तयार झालेली नसते. टोक गुळगुळीत असेल तर तो अजून एक कात टाकायचा बाकी आहे. अर्धवट वाढलेल्या मादीच्या पोटाखालीही एक फिकट डाग दिसतो आणि काही जण त्यालाच एपिगाइन समजतात. एकोणिसाव्या शतकात पिल्लांवरून वर्णन केलेल्या कित्येक जाती आज ‘शंकास्पद नाव’ म्हणून यादीत लोंबकळत आहेत, कारण ते नमुने कोणत्या जातीचे हे आता सांगताच येत नाही.

नराचा पाल्प पाहताना दोन बाजू महत्त्वाच्या: खालून आणि बाहेरच्या बाजूने. पाल्पच्या टिबियावर, म्हणजे फुगीर टोकाच्या लगेच आधीच्या भागावर, बाहेरच्या अंगाला एक काटेरी टोक असतं. त्याची लांबी, त्याचं वळण, टोक बोथट की दुभागलेलं, हे आधी पाहायचं. मग एम्बोलस, म्हणजे वीर्य सोडणारा बारीक दांडा: तो कुठून निघतो, कोणत्या दिशेने वळतो, टोक कसं आहे. झेलोटीसमध्ये याशिवाय एक वेगळा कडक तुकडा मध्ये बसलेला असतो आणि त्याच्या आकारावर बरंच काही अवलंबून असतं. इथे सगळ्यात मोठी फसगत कोनाची होते. पाल्प दहा अंश फिरला तरी टिबियाचं टोक आखूड दिसू लागतं आणि तुम्ही शेजारच्या जातीच्या चित्रापाशी जाता. मी पसरट काचेच्या वाटीत बारीक धुतलेली वाळू घेतो, वर अल्कोहोल ओततो आणि नमुना वाळूत रुतवून हवा त्या कोनात उभा करतो. चित्रातल्या कोनाशी तंतोतंत जुळल्याशिवाय तुलना सुरूच करत नाही.

मादीच्या बाबतीत काम आणखी नाजूक आहे. वरून दिसणारी तबकडी हा दरवाजा असतो, आणि जात बऱ्याचदा दरवाज्यामागच्या वाटांवरून ठरते. बारीक सुईने एपिगाइन कडेकडेने सोडवून काढायचं, चिकटलेलं मांस मोकळं करायचं आणि लॅक्टिक ॲसिडच्या किंवा लवंगेच्या तेलाच्या थेंबात ठेवायचं. काही वेळाने ते पारदर्शक होऊ लागतं. आधी दोन गडद ठिपके उमटतात, त्या स्पर्माथीका, म्हणजे शुक्राणू साठवणाऱ्या पिशव्या. मग त्यांच्याकडे जाणाऱ्या नळ्या हळूहळू दिसू लागतात: एखादीत सरळ, एखादीत एक वेटोळं, एखादीत दोन. मांस फार असेल तर पँक्रिएटिनसारख्या एन्झाइमच्या द्रावात रात्रभर ठेवलं की कडक भागाला धक्का न लागता मऊ भाग विरघळून जातो. गरम पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) जलद काम करतं, पण जरा जास्त वेळ राहिलं तर रचना फिकट पडते आणि लुळी होते. पाहून झाल्यावर एपिगाइन त्याच नमुन्याच्या कुपीत, वेगळ्या चिमुकल्या नळीत ठेवायचं. ते हरवलं तर त्या मादीची ओळखही हरवली.

मी हे का इतकं लावून धरतो, त्याला कारण आहे. उमेदीच्या काळात मी एकाच जागेच्या सापळ्यांतल्या काळ्या माद्या फक्त वरून पाहून एकाच झेलोटीस जातीच्या म्हणून वेगळ्या काढल्या आणि सगळ्यांना चिठ्ठ्या लावल्या. तबकड्या अगदी एकसारख्या दिसत होत्या. पुढच्या महिन्यात त्याच जागेतून नर आले आणि त्यांचे पाल्प दोन प्रकारचे निघाले. मग बसलो आणि एकेक एपिगाइन साफ केलं. काहींत नळी आखूड आणि जाड, काहींत लांब आणि वेटोळं घेतलेली. दोन जाती मी महिनाभर एका नावाखाली ठेवल्या होत्या, आणि त्यावरून ती जात कोणत्या महिन्यात प्रौढ होते याचा काढलेला निष्कर्षही चुकीचा होता. सगळ्या चिठ्ठ्या बदलल्या. नुसतं नाव चुकत नाही, नावावर उभं केलेलं सगळंच चुकतं, हे तेव्हा फार लागलं आणि अजूनही लागतं.

आणखी एक सांगून ठेवतो. समागमानंतर काही माद्यांच्या एपिगाइनवर कडक गोळा बसलेला असतो, बूच मारल्यासारखा. तो रचनेचा भाग समजू नका, सुईने अलगद काढा आणि मग पाहा.

नर आणि मादी एकाच जातीचे, हे कसं ठरवायचं? या कुळात हा प्रश्न जुनाच आहे. नराचं वर्णन एका नावाने, मादीचं दुसऱ्या नावाने, आणि पन्नास वर्षांनी दोन्ही एकच असल्याचं कळलं, असं पुष्कळदा घडलं आहे. एकाच जागी, एकाच वेळी मिळाले हा अर्धा पुरावा. ड्रॅसोडीसमध्ये कधी कधी निसर्गच पूर्ण पुरावा हातात देतो: नर अजून पूर्ण न वाढलेल्या मादीजवळ रेशमाचं घर करून राहतो आणि ती शेवटची कात टाकेपर्यंत थांबतो. दगडाखाली असं जोडपं मिळालं तर त्यांना एकाच कुपीत, एकाच चिठ्ठीसह ठेवा. असा नमुना फार मोलाचा असतो.

आता वर्गीकरणाकडे येतो, कारण तुम्ही ‘ओळख’ आणि ‘वर्गीकरण’ हे दोन्ही शब्द वापरलेत आणि ती दोन वेगळी कामं आहेत. ओळख म्हणजे हातातला प्राणी आधीपासून असलेल्या नावाशी जुळवणं. वर्गीकरण म्हणजे ती नावं नात्यांप्रमाणे कशी लावायची ते ठरवणं. पहिल्या कामात चूक झाली तर एक कुपी चुकते, दुसऱ्या कामातलं मत बदललं तर अख्खी यादी हलते.

हे कूळ खूप हललं आहे. जुन्या ग्रंथांत यातले कोळी ‘ड्रॅसिडी’ नावाखाली सापडतात. अमेरिकेतल्या ग्नाफोसिडीची शिस्तशीर मांडणी नॉर्मन प्लॅटनिक (१९५१–२०२०) आणि मोहम्मद शदाब यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यापासून केली. जीनस हाती घ्यायचा, नर-मादी दोघांची ठरावीक कोनांतली चित्रं द्यायची, जुने मूळ नमुने परत तपासायचे, अशी त्यांची पद्धत होती, आणि आज आपण जी चित्रं शेजारी ठेवून तुलना करतो ती त्याच शिस्तीतली आहेत. जगातल्या सगळ्या कोळ्यांची नावं एका ठिकाणी ठेवणारी सूचीही प्लॅटनिक यांनी वर्षानुवर्षं सांभाळली. २०१४ पासून ती स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या निसर्ग संग्रहालयाकडे आहे आणि २०२२ मध्ये तिच्यातल्या जातींचा आकडा ५०,००० च्या पुढे गेला. कोणतंही नाव लिहिण्याआधी तिथे पाहा, जुन्या ‘की’मधलं (खुणांवरून नाव शोधायच्या तक्त्यातलं) नाव आज चालू आहे की नाही ते लगेच कळतं.

नात्यांचं चित्र अजून पक्कं नाही. करवतीच्या जबड्यांचा एक गट, विंचरायच्या फणीचा दुसरा गट, अशी उपकुळं सोयीची आहेत आणि काही तर खऱ्या नात्याची आहेत. पण प्रोडिडोमिडीचं पाहा. हे वेगळं कूळ मानलं जायचं. २०१८ च्या अभ्यासाने त्याला ग्नाफोसिडीचं उपकूळ केलं आणि २०२२ मध्ये जनुकांचा मोठा पुरावा घेऊन झालेल्या मांडणीत ते परत स्वतंत्र कूळ झालं. चार वर्षांत तेच कोळी दोनदा घर बदलून आले. याने बिचकू नका. जात ओळखताना तुम्ही पाल्पचं चित्र काढून ठेवलं असेल तर वरची पाटी कितीदा बदलली तरी तुमची नोंद शाबूत राहते.

नाव वाचायची एक खूणगाठ सांगतो. ड्रॅसोडीस लॅपिडोसस (वाल्केनेर, १८०२) असं लिहिलेलं असतं तेव्हा कंसाचा अर्थ असा की वाल्केनेर यांनी ही जात वर्णिली तेव्हा ती दुसऱ्या जीनसमध्ये होती. कंस नसेल तर जीनस तोच राहिला आहे. आणि कोळ्यांच्या नावांना एक खास सवलत आहे: प्राण्यांच्या नावांची अधिकृत सुरुवात १७५८ पासून धरतात, पण स्वीडनच्या कार्ल क्लर्क यांनी १७५७ मध्ये छापलेली कोळ्यांची नावं नियमांत ग्राह्य मानली आहेत. नावातल्या अर्थावर मात्र जाऊ नका. कॅलिलेपिस नॉक्टर्ना हे नाव ‘रात्रीची’ असं सांगतं आणि ती दिवसा उन्हात मुंग्यांची शिकार करते, मुंगीच्या मिशीच्या बुडाशी नेमका चावा घेऊन.

डीएनए बारकोडचं काय, असं तुम्ही पुढे विचारालच. सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात आणि साठ्यातल्या तुकड्यांशी जुळवतात. नर-मादी जुळवायला आणि पिल्लांना नाव द्यायला तो फार उपयोगी आहे, एक पाय पुरतो. पण साठ्यातल्या तुकड्याला कोणीतरी आकारावरूनच नाव दिलेलं असतं. ते चुकलं असेल तर तुमचा निकालही तसाच चुकणार. शिवाय काही जवळच्या जातींत हा तुकडा जवळपास सारखा असतो. म्हणून बारकोड केलेला नमुना जपून ठेवायचा, बाकीचं शरीर फेकायचं नाही.

नमुने गोळा करण्याबद्दल थोडक्यात. आधी त्या जागेचे नियम पाहा आणि लागते तिथे परवानगी घ्या. दगड उलटला की तो जसाच्या तसा परत ठेवा. खालचा ओलावा आणि घरटी दगडाच्या वजनावरच टिकून असतात. पालापाचोळा चाळून पाहा, रात्री बॅटरी घेऊन फिरा. जमिनीत पेला पुरून केलेल्या सापळ्यात नर जास्त मिळतात, कारण मादीच्या शोधात तेच भटकतात, पण असे सापळे बाकीच्या जीवांनाही मारतात, तेव्हा गरजेपुरतेच लावा. जपायला ७० ते ८० टक्के अल्कोहोल, डीएनएसाठी ९५ टक्के आणि थंड जागा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली आणि कुपीच्या आत. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी कधीतरी सुटते, आणि जागा-तारीख नसलेला कोळी कितीही सुंदर असला तरी अभ्यासाला निरुपयोगी होतो. सगळेच मारायची गरज नसते. पारदर्शक पिशवीत अलगद धरून पाल्पचा किंवा पोटाखालचा फोटो काढता येतो आणि मग प्राणी सोडून देता येतो. काही ठळक जाती एवढ्यावर ओळखताही येतात.

चाव्याबद्दलही विचारलं होतंत. माणसाला गंभीर इजा करणारे कोळी म्हणून या कुळाची ओळख नाही. चिमट्याने दाबलात तर तो चावेल, इतकंच.

आता परत तुमच्या कोळ्याकडे. तोच दगड किंवा आसपासचे दगड पुन्हा पाहा. सापडला तर पाच फोटो घ्या: वरून, समोरून डोळ्यांचा, मागून स्पिनरेटचा, पारदर्शक पिशवीतून पोटाखालचा आणि पायाच्या बुडाचा खालून. पाल्प फुगलेले आहेत का पाहा, आणि असतील तर टोक गुळगुळीत आहे की आत काही रचना दिसते तेही. सोबत चिमुकली पट्टी ठेवा, म्हणजे शिरोवक्षाची (डोकं आणि छाती मिळून झालेल्या पुढच्या भागाची) लांबी मिलिमीटरमध्ये मोजता येईल. तोवर नोंदीत ‘ग्नाफोसिडी, बहुधा ड्रॅसोडीस, प्रौढ आहे की नाही माहीत नाही’ असं लिहा आणि फोटो जपून ठेवा. ट्रोकँटरच्या खाचेचा फोटो आला की ‘बहुधा’ खोडता येईल. जातीसाठी प्रौढ नर किंवा साफ केलेलं एपिगाइन लागेल, आणि ड्रॅसोडीस लॅपिडोसस व क्युप्रिअससारख्या जोड्या तिथेही घाम काढतात. त्या दोघांच्या पाल्पची आणि एपिगाइनची चित्रं शेजारी ठेवूनच निर्णय घ्या, एकट्या चित्रावर नको.